नाशिकच्या वायनऱ्या, शनिवार-रविवार: पाच माणसं, पिणारे अडीच

पिठलंभाकर
फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार नाशिकला जायचं ठरतंय. पुण्याहून, घरच्या गाडीने. मंडळी म्हणजे मी, बायको, आई, बाबा आणि आठ वर्षांचे चिरंजीव. वाइन मी आणि बायको घेणार. बाबा "बघू" म्हणालेत, म्हणजे घेणार, पण आईसमोर अर्धीच. आईने आत्ताच जाहीर केलंय, "दारूच्या कारखान्यात मी गाडीतून उतरायची नाही."
दोन दिवसांत किती वायनऱ्या होतील? न पिणाऱ्यांना तिथे काही बघण्यासारखं असतं की आईला त्र्यंबकेश्वरला सोडून आम्ही पुढे जावं? राहायचं कुठे हे सध्या विचारत नाही, मुक्काम नाशिकरोडला मामेभावाकडे आहे.
आईचं माहेर तासगाव, द्राक्ष-बेदाण्यांचं गाव, हे जाता जाता सांगून ठेवतो.

गोदाकाठची
नाशिकची आहे म्हणून पहिली उडी मारते. नकाशा आधी डोक्यात घ्या, नाहीतर दोन्ही दिवस गाडीतच जातील. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दिंडोरीकडे शँडन, तिथे मुख्यतः बुडबुडेवाली. आणि इगतपुरीच्या बाजूला कावनईत व्हॅलोने, सांजेगावला ग्रोव्हर झांपा. या तीन दिशा एका दिवसात गाठायच्या भानगडीत पडू नका. एक दिवस एक दिशा, आणि दिवसाला दोन. तिसरीत गेल्यावर जीभ बधिर झालेली असते, सगळ्या वाइन सारख्याच लागतात.
शनिवारी सकाळी अकराला पोचा. दुपारी चारनंतर अख्खी मुंबई तिथे सेल्फी काढत असते.

शंकेखोर
दारू ती दारू. तिला फ्रेंच नाव दिलं म्हणून तीर्थ होत नाही. आईंना माझा पाठिंबा.

चुलीवरची
झालं, दुसऱ्या प्रतिसादातच आले. मी शेंगदाणे घेऊन बसते.

आंबटशौकीन
तारखेकडे नीट बघा. आम्ही पाच मित्र मोठ्या हौसेने २६ जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड साधून गेलो. कसारा घाट चढून, ट्रॅफिक खाऊन पोचलो, आणि ड्राय डे! टाक्या बघितल्या, पिंपं बघितली, गाइडने घोट न देता "आता फ्रूटी नोट्स जाणवतील" वगैरे सगळं तोंडी सांगितलं. पाच बाप्ये द्राक्षाचा रस पिऊन झेंड्याला सलाम करून परत आलो. ३० जानेवारी, २ ऑक्टोबर, आषाढी, निवडणुकांचे दिवस, सगळं आधी तपासा.

गोदाकाठची
@आंबटशौकीन, तुम्हाला आमच्या शहरात कुणी एक फोन करायला पण नव्हतं का? :ड
आणि महाशिवरात्र जवळ आली असेल तर त्र्यंबक रस्त्याचं नाव काढू नका.

पिठलंभाकर
महाशिवरात्र टाळूनच तारीख धरतो. बायकोचा भाचा पण येतो म्हणतोय, वीस वर्षांचा आहे. त्याला चाखायला चालेल ना?

आंबटशौकीन
नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ पूर्ण लागतात, कडक दारूला २५. भाच्याला गाडी चालवायला बसवा, तुमचा तो पण प्रश्न सुटेल.

भाडोत्री_सारथी
वरचं गमतीत घेऊ नका. रक्तात १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "टेस्टिंगला काय, घोट-घोटच तर असतो" म्हणणारे पाच-सहा घोटांनंतर जेवताना बाटली उघडतात, हे मी मागच्या सीटवर बसवून बघितलेलं आहे. दिवसभरासाठी नाशिकचाच ड्रायव्हर घ्या.

दिंडोरीकर
आमची चार एकर बाग आहे. तीन एकर खायची थॉमसन, एक एकर वाइनची शेनिन. वाचून गंमत वाटली, म्हणून लिहितो.
शहरातून येणारी माणसं रस्त्याकडेची कुठलीही बाग बघून "ही वाइनची ना?" विचारतात. दादा, नाशिक जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षं खायची आहेत. वाइनचा हिस्सा त्यात थोडका. ओळखायची खूण सांगतो. मांडव किंवा इंग्रजी वायच्या आकाराचा आधार दिसला, घडाला कागद लावलेला दिसला, की खायचं द्राक्ष. कुंपणासारख्या सरळ उभ्या तारा आणि गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीवर लहान लहान घट्ट घड, ते वाइनचं.
खायच्या द्राक्षाला आम्ही लेकराच्या वर जपतो. जीएचे डिप (म्हणजे वाढीच्या औषधात घड बुडवायचे), थिनिंग म्हणजे विरळणी, मणी फुगवायचा, लांबवायचा, चकाकी आणायची. वाइनवाल्याला यातलं काही नको. त्याला मणी बारीकच पाहिजे, कारण रंग आणि चव सालीत. तो येतो, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकतो, बावीस-तेवीस ब्रिक्स (हे साखरेचं माप) दिसली की म्हणतो तोडा. भाव आधीच ठरलेला, म्हणून मार्चमध्ये गारपिटीचं ढग आलं तर मी आधी थॉमसनकडे पळतो, शेनिनकडे नंतर.

शंकेखोर
@दिंडोरीकर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय निघाला, तेव्हा हेच "शेतकऱ्याचं हित" पुढे केलं होतं. तुम्हीच म्हणताय हिस्सा थोडका आहे. मग हित नेमकं कुणाचं?

दिंडोरीकर
प्रश्न बरोबर आहे, मी टाळणार नाही. २००१ ला सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं तेव्हा आमच्याकडे जो तो वाइनची बाग लावत सुटला. आमच्या काकांनी तीन एकर लावली. २००८ नंतर मंदी आली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही, आणि २०१० च्या आसपास काकांनी तीच बाग स्वतः कुऱ्हाड लावून काढली. काड्या दोन वर्षं चुलीला पुरल्या. तेव्हा वाइनने शेतकरी तरला असं मी म्हणणार नाही. पण आज माझ्या एका एकराचा पैसा कराराने ठरलेला असतो आणि खायच्या तीन एकरांचा व्यापाऱ्याच्या तोंडावर असतो. त्यात व्यापारी रात्रीत पळून गेल्याचे किस्से आमच्याकडे घरटी एक आहेत. मी एक एकर का ठेवली ते एवढ्यावरून समजून घ्या. मी स्वतः माळकरी आहे, चाखलेली पण नाही.

चुलीवरची
शेंगदाणे खाली ठेवले. चांगला प्रतिसाद.

शंकेखोर
मान्य. माळकऱ्याने शेनिन पिकवावी आणि मी एसीत बसून वाद घालावा, हे बरोबर दिसत नाही. गप्प बसतो. (या मुद्द्यावर.)

सनीवेलची_सून
आमच्याकडे कॅलिफोर्नियात नापाला दर पाहुण्यामागे एक चक्कर होतेच, म्हणून तुलना करायचा मोह. नापा खोरं उण्यापुऱ्या तीस मैलांचं, एका रस्त्याने वर जायचं, दुसऱ्याने खाली यायचं, दोन्ही बाजूंना वायनऱ्याच वायनऱ्या. सुंदर आहे, पण टेस्टिंगची फी ऐकून सासूबाईंनी रुपयांत गुणाकार केला आणि त्या पार्किंगमध्येच बसून राहिल्या.
नाशिकला गेल्या वर्षी गेले तेव्हा एक गोष्ट फार आवडली. इथे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, तिकडे जानेवारी ते मार्च. म्हणजे भारतवारीच्या सुट्टीत नेमका हंगाम सापडतो. इथे हिवाळ्यात वेल नुसती काळी खोडं होऊन झोपतात. नाशिकची वेल झोपतच नाही म्हणे?

दिंडोरीकर
झोपत नाही ताई, थंडी तेवढी पडत नाही. म्हणून आम्हीच तिला दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळाला. पावसाळ्यात वेल हिरवीगार असते पण द्राक्ष एक नाही. तरी जुलैत लोक येतात आणि विचारतात, घड कुठे गेले?

घाटमाथा
पण जुलैतच यावं असं माझं मत! ब्रह्मगिरी-अंजनेरी ढगात, गंगापूर धरण भरलेलं, गर्दी कमी. घड नसले तर नसले, बाटलीत असतातच की. फेब्रुवारीत दुपारी ऊन चटकतं आणि डोंगर बोडके.

गोदाकाठची
असहमत. वायनरी बघायची तर काम चालू असताना. तोडणीच्या दिवसांत आवारात शिरताच आंबूस-गोड वास येतो ना, तो जुलैत नाही. नुसता पाऊस बघायचा तर आमच्या सोमेश्वरच्या धबधब्यावर उभे राहा, फुकट आहे.

जुन्नरी_जिलबी
पुण्याहून येताना नारायणगाव लागेल, तिथे गाडी थांबवून एक मिनिट शांतता पाळा. नाशिकच्या आधी वायनरी इथे होती. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी शातो इंडाज उभी केली, फ्रेंच तंत्राने स्पार्कलिंग बनवली आणि ती परदेशात 'ओमर खय्याम' नावाने विकली. पुढे कंपनी कर्जात बुडाली. आता नारायणगाव म्हटलं की लोकांना टोमॅटो आणि तमाशा आठवतो. सुलाची पहिली वाइन २००० सालची, म्हणजे आम्ही थोरले. पण थोरल्यांना कोण विचारतं.

आंबटशौकीन
आईंचा प्रश्न सोडवायचा तर नाशिक सोडा, अकलूजला जा. तिथे फ्रातेल्ली वायनरी आहे आणि पंढरपूर जवळच. त्यांना विठोबा, तुम्हाला शिराझ.

शंकेखोर
गप्प बसणार होतो पण हे फारच झालं.

गोदाकाठची
पंढरपूरपर्यंत कशाला? कावनईला कपिलधारा तीर्थ आहे, कुंभाशी नातं सांगणारं. दर्शन करून तिथल्या तिथे मुकणे धरणाचं पाणी बघत बसता येतं. आणि @पिठलंभाकर, आईंना हेही सांगा की सुला हे नाव तिचे संस्थापक राजीव सामंतांनी आपल्या आईच्या नावावरून ठेवलंय, सुलभा. आयांवर चालतं असलं काही.

पिठलंभाकर
सांगितलं. उत्तर: "त्या माऊलीला काय वाटलं असेल." :(

नवशिका_नाक
मूर्ख प्रश्न विचारतो. तिथे पेला गोल फिरवतात, नाक घालतात, मग काहीतरी इंग्रजी बोलतात. मला फक्त आंबट लागतं. मी काय बोलावं?

चुलीवरची
"सालीचा तुरटपणा छान उतरलाय" म्हणायचं आणि दूर डोंगराकडे बघायचं. लाल वाइनला हमखास लागू पडतं.

गोदाकाठची
आंबट लागलं तर आंबट म्हणा. फिरवतात ते वास सुटावा म्हणून, आमटीत पळी फिरवल्यासारखं. समोर एक भांडं असतं त्यात थुंकायची मुभा असते, पण पैसे दिलेले असल्यामुळे मराठी माणूस थुंकत नाही. आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल, गोड शेवटी. उपाशीपोटी जाऊ नका. सकाळी मिसळ, पापड-दही घेऊन, मग तासाभराने वायनरी. लगेच गेलात तर तर्रीपुढे कुठलीच वाइन टिकत नाही.

पिठलंभाकर
जाऊन आलो! वृत्तांत टाकतो, थोडा लांबेल.
शनिवारी गंगापूर धरणाकडच्या दोन, रविवारी सकाळी कावनई आणि परत. ड्रायव्हर घेतला, @भाडोत्री_सारथी यांचे आभार, कारण बाबांचं "बघू" तीन पेल्यांपर्यंत गेलं. गुलाबी वाइनला ते शेवटपर्यंत "सरबत" म्हणत होते.
पहिल्या ठिकाणी (नाव घेत नाही) घाऊक गर्दी. बुकिंग असून पाऊण तास उभं केलं, मग वीस जणांच्या घोळक्यात ढकललं, गाइडचा आवाज मागे येईना. चाखायला दिलेली लाल वाइन चहासारखी कोमट. चिरंजीवांनी तिथे "मला कंटाळा आला" हे अकरा वेळा म्हटलं, बायकोने मोजलं. आई खरंच गाडीतून उतरली नाही. ड्रायव्हरशी मुलाच्या शाळेबद्दल बोलत बसली.
दुसरी वायनरी छोटी होती. गाडी लावली त्याच्या शेजारीच ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीत प्लास्टिकचे क्रेट, काळ्या द्राक्षांनी भरलेले. आईने काच खाली केली. दोन मिनिटांनी दार उघडलं. मी काहीच बोललो नाही.
ती थेट ट्रॉलीपाशी. एक घड उचलून हातावर तोलला, म्हणाली, "एवढंसं? आमच्याकडे असला घड बेदाण्याला पण घेत नाहीत." मग एक मणी तोंडात टाकला, चावला आणि बिया तळहातावर काढल्या. तीन निघाल्या. दुसरा मणी, दोन. तोवर गाइड मुलगा आला. त्याने एक काळा मणी चिरंजीवांच्या हातात देऊन पिळायला सांगितला. रस निघाला पांढरट! गर पांढराच असतो, लाल रंग सालीतून येतो, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरीचा रस आधीच गाळून घेतात. काळ्या द्राक्षाची साल वेळेवर बाजूला केली तर पांढरी वाइनसुद्धा निघते. हे चिरंजीवांना इतकं पटलं की त्यांनी आणखी पंधरा-वीस मणी पिळले. शर्टावरचा डाग अजून निघालेला नाही.
आईने गाइडला विचारलं, "याला डिपिंग ऑइल मारून रॅकवर टाकलं तर किती दिवसांत वाळेल?" त्याच्या पाठ केलेल्या माहितीत हे नव्हतं. तो म्हणाला, मॅडम, साखर खूप आहे पण बिया... आई म्हणाली, "तेच म्हणते मी." मग आत स्टीलच्या टाक्यांपाशी गेलो. एका टाकीला गार पाणी फिरवायचं आवरण होतं, त्यावर दव जमून ओघळत होतं. चिरंजीवांनी गाल लावला. पांढऱ्या वाइनचा रस गारव्यात हळूहळू आंबवतात, नाहीतर वास उडून जातो, हे ऐकून आई म्हणाली, "दह्याचं उलटं." ओकच्या पिंपांच्या खोलीत मात्र ती आली नाही, म्हणाली आंबूस वास फार झाला.
आम्ही चाखायला बसलो तेव्हा ती बाहेर गेली आणि तासभर गायब. शोधायला गेलो तर बागेच्या कडेला पेठकडून कामाला आलेल्या बायका जेवायला बसल्या होत्या, त्यांच्यात ही बसलेली. पहाटे चारला उठून बॅटरीच्या उजेडात तोडणी, कारण माल गार असतानाच आत जायला पाहिजे, हे सगळं तिने मला सांगितलं. गाइडने यातलं काही सांगितलं नव्हतं. रोज किती मिळतो तेही तिने विचारून घेतलं आणि "कमी आहे" असा शेरा मारून आली.
रविवारी कपिलधारेचं दर्शन झालं आणि मुकणेच्या पाण्यासमोर आम्ही दोघं शेनिन घेऊन बसलो. आईने लिंबू सरबत घेतलं. बाबांनी पण सरबतच घेतलं, पांढरं.

सनीवेलची_सून
मी सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी तासगावच्या बाईंबरोबर जाईन.

नवशिका_नाक
पण वाइन कशी होती? धागा वाइनचा आहे ना?

पिठलंभाकर
शेनिन आवडली, कैरीच्या सालीसारखा वास. शिराझला "सालीचा तुरटपणा छान उतरलाय" म्हणालो आणि डोंगराकडे बघितलं. बायकोला खोकला आला.

आंबटशौकीन
बाटल्या आणल्या का? डिकीत नाही ना ठेवल्या? मी एकदा दोन बाटल्या सिन्नरला जेवणाच्या वेळी उन्हात डिकीत ठेवल्या, घरी येईस्तोवर एकीचं बूच वर आलेलं आणि गालिचा लाल.

पिठलंभाकर
चार आणल्या, पायाशी, एसीच्या झोतात. डिकीत जागाच नव्हती. तिथे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन काड्या आडव्या ठेवल्या होत्या. त्या बायकांपैकी एकीने आईला कापून दिल्या, गाइड तेवढ्यात दुसरीकडे बघत होता. आता आमच्या बाल्कनीत कुंडीत आहेत. आई म्हणते, शिराझ आहे.

दिंडोरीकर
काडी छाटणीच्या वेळची असती तर बरं झालं असतं, पण पिकलेली असेल तर फुटेल. आमच्याकडे डॉगरिज नावाच्या द्राक्षाच्या खुंटावर कलम करतात, कुंडीत कलमाशिवायही चालेल. दोन डोळे मातीत, दोन वर. आणि दादा, काडी सुलटी लावली आहे ना? डोळ्याचं टोक वर पाहिजे. उलटी लागली तर जन्मात फुटायची नाही.

पिठलंभाकर
थांबा, बघून येतो.

पिठलंभाकर
एक सुलटी आहे. दुसरी बाबांनी लावली होती.